गुडघा वडिलांचा, कंबर मुलाची

सिद्धेश्वर धरणाच्या कालव्यावर ज्यांची शेती आहे, त्यांना पाण्याचा एक नियम वेगळा शिकवावा लागत नाही. येलदरीतून पाणी सुटले, पूर्णेच्या पात्रातून सिद्धेश्वरला पोहोचले आणि तेथून कालव्यात पडले, एवढ्याने शेत भिजत नाही. ते योग्य चारीला वळावे लागते आणि चारीतून बांधाच्या आत यावे लागते. बांधाबाहेर हातभर अंतरावर मुरलेले पाणीही पाणीच असते; पिकाला मात्र त्याचा उपयोग नसतो. सांध्यात द्यावयाच्या इंजेक्शनाचा हिशेब पुष्कळसा असाच आहे. सुई टोचली गेली, औषध संपले, पावती हातात आली. परंतु औषध सांध्याच्या पोकळीत उतरले की शेजारच्या मांसात मुरले, हे बाहेरून पाहणाऱ्याला कळत नाही. म्हणून गेल्या काही दशकांत सुई आत जात असताना तिचे टोक प्रत्यक्ष पाहण्याच्या निरनिराळ्या सोयी निघाल्या. त्यांतील सर्वांत महागडी व सर्वांत स्पष्ट चित्र देणारी सोय म्हणजे एमआरआय.

औंढा नागनाथ तालुक्यातील सिद्धेश्वर गावी आडतीचे दुकान चालविणारे एक कुटुंब समजा डोळ्यांसमोर आणले. वडील अडुसष्ट वर्षांचे. चाळीस वर्षे गादीवर मांडी घालून बसल्याने म्हणा किंवा वयाने म्हणा, उजवा गुडघा दुखतो. सामायिकाला आता खुर्ची लागते आणि जिल्ह्यातल्याच शिरड शहापूरच्या मल्लिनाथ मंदिरात गेल्यावर खाली बसणे होत नाही, याचे त्यांना गुडघ्याच्या दुखण्याहून अधिक वाईट वाटते. मुलगा एकोणतीस वर्षांचा. त्याची कंबर सहा महिन्यांपासून सकाळी धरते. अंथरुणातून उठताना तो लाकडासारखा ताठ असतो, पण दुकान उघडून पाच-पन्नास पोती इकडची तिकडे केली की मोकळा होतो. घरात याची चर्चा होत नाही. तरुण आहे, वजन उचलतो, मलम लावील, होईल बरे, असे सर्वांचे मत. वडिलांच्या गुडघ्याची मात्र चर्चा होते. पुण्याच्या व्याह्यांनी फोनवर सांगितले आहे की, आता एमआरआयमध्ये पाहून नेमक्या जागी इंजेक्शन देतात. खर्चाकडे पाहू नका. आणि घर खर्चाकडे न पाहण्यास तयार झाले आहे.

व्यापारी घरात खर्चाकडे न पाहण्याचे असे प्रसंग थोडेच येतात आणि ते बहुधा आजारपणातच येतात. वडिलांसाठी पैसा काढताना हिशेब करणे मुलाला कृतघ्नपणाचे वाटते. परंतु या ठिकाणी हिशेब न केल्याने घराचे दुहेरी नुकसान होण्याचा संभव आहे: पैसा गुडघ्यावर जाईल, जेथे त्या यंत्राची फारशी गरज नाही, आणि ज्या कमरेला त्या यंत्राची खरी गरज आहे, ती मलमावर राहील.

प्रथम औषध म्हणजे काय ते पाहू. अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये १९४८ साली डॉ. फिलिप हेंच यांनी आमवाताच्या रुग्णाला कॉर्टिझोन दिले व अंथरुणाला खिळलेली व्यक्ती काही दिवसांत चालू लागली. या संशोधनाबद्दल हेंच, केंडॉल व राइखश्टाइन यांना १९५० चे नोबेल पारितोषिक मिळाले. पुढच्याच वर्षी, १९५१ मध्ये, डॉ. जोसेफ हॉलंडर यांनी याच जातीचे औषध थेट सांध्यात टोचण्याचा आपला अनुभव प्रसिद्ध केला. संपूर्ण शरीरात औषध पसरविण्यापेक्षा दुखऱ्या सांध्यातच थोडे द्यावे, हा विचार तेव्हापासून रूढ झाला. आज सांध्यात दिले जाणारे स्टेरॉइड ते हेच. सूज व दाह शमविणे हे त्याचे काम. झिजलेली कूर्चा भरून काढणे हे त्याचे काम नव्हे, आणि कोणत्याही यंत्रात पाहून दिले तरी ते काम त्याच्याकडून होत नाही.

आता सुईच्या नेमकेपणाविषयी. बाजार समितीत पोत्यात टोकदार पोकळ नळी खुपसून वानगी काढतात. पोते मोठे आहे, नळी कोठूनही घातली तरी दाणे हाती येतात. गुडघा हा शरीरातील तसा मोठा सांधा आहे. २००२ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २४० गुडघ्यांच्या इंजेक्शनांत सुई प्रथम केवळ हाताच्या अंदाजाने घातली गेली आणि मग क्ष-किरणांच्या साहाय्याने ती सांध्यात आहे की नाही हे तपासले गेले. वाटीच्या बाहेरील बाजूने, तिच्या मध्याजवळून घातलेली सुई शंभरांत ९३ वेळा सांध्यात होती. पुढच्या बाजूने घातलेली ७१ ते ७५ वेळा. अनुभवी अस्थिरोगतज्ज्ञाचा हात, योग्य वाट आणि हाडांच्या खुणा यांवर गुडघ्याचे काम बहुधा भागते, असा याचा अर्थ. शंका वाटल्यास सोनोग्राफीने सुई दिसते, आणि तीही एमआरआयच्या मानाने पुष्कळ स्वस्तात.

कमरेच्या मागील बाजूस, त्रिकास्थी आणि कमरेचे पसरट हाड यांच्यामध्ये एक सांधा आहे. डॉक्टर त्याला सॅक्रोइलियक सांधा म्हणतात. चिठ्ठीवर तो ‘एसआय जॉइंट’ असा दिसेल. हा सांधा खोल आहे, अरुंद आहे, वाकडा आहे आणि जाड मांसाखाली दडलेला आहे. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात या सांध्यात केवळ हाताच्या अंदाजाने दिलेली इंजेक्शने सीटी स्कॅनने तपासली, तेव्हा शंभरांत २२ च सांध्याच्या आत पडलेली आढळली. म्हणजे शंभरांतील अठ्ठ्याहत्तर वेळा पाणी बांधाबाहेर. गुडघ्याचे त्र्याण्णव आणि या सांध्याचे बावीस, हे दोन आकडे वहीच्या एकाच पानावर लिहून ठेवण्यासारखे आहेत. पाहून सुई घालण्याची गरज कोठे आहे, हे त्यांतून कळते.

पाहण्याचे मार्ग चार. सोनोग्राफी, सी-आर्म म्हणजे शस्त्रक्रियागृहातील फिरता क्ष-किरण, सीटी स्कॅन आणि एमआरआय. सी-आर्म अस्थिरोगाच्या बहुतेक मोठ्या रुग्णालयांत असतो, कारण मोडलेली हाडे बसविण्यास तो लागतोच. सोनोग्राफीचे यंत्र गर्भलिंगनिदानाला प्रतिबंध करणाऱ्या १९९४ च्या कायद्याखाली नोंदवावे लागते. त्यामुळे अस्थिरोगतज्ज्ञाच्या दवाखान्यात ते नसले आणि त्याने रुग्णाला क्ष-किरणतज्ज्ञाकडे पाठविले, तर त्यात टाळाटाळ आहे असे समजू नये. वरील खोल सांध्यासाठी सामान्यतः सी-आर्म किंवा सीटी वापरतात. दोन्हींत क्ष-किरण आहेत. एखाददुसऱ्या वेळी त्याची मात्रा अल्प असते; पण रुग्ण बालक असेल, तरुण स्त्री असेल किंवा इंजेक्शन पुन्हा पुन्हा द्यावे लागणार असेल, तर क्ष-किरण टाळता आले तर बरे असा विचार येतो. एमआरआयच्या साहाय्याने सुई घालण्याची कल्पना येथे उपयोगी पडते, कारण एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतात. शरीरातील पाण्यात व चरबीत असलेल्या हायड्रोजनच्या अणुकेंद्रांना प्रबळ चुंबकीय क्षेत्रात ठेवून, रेडिओलहरींनी हलवून, त्यांच्या प्रतिसादातून चित्र तयार केले जाते. या शोधाबद्दल पॉल लॉटरबर व पीटर मॅन्सफील्ड यांना २००३ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

अडचण अशी होती की, रुग्ण बोगद्यात असताना डॉक्टरांचा हात तेथवर पोहोचावा कसा? १९९४ साली बोस्टनच्या ब्रिगहॅम अँड विमेन्स रुग्णालयात डॉ. फेरेंक योलेश यांच्या पुढाकाराने एक वेगळे यंत्र बसले. त्यात चुंबकाची दोन कडी शेजारी शेजारी होती आणि त्यांच्या मधल्या फटीत उभे राहून डॉक्टर काम करू शकत. जर्मनीतील ट्यूबिंगेनच्या विद्यापीठात २००० च्या सुमारास ०.२ टेस्ला शक्तीच्या, बाजूने उघड्या असलेल्या यंत्रात याच सॅक्रोइलियक सांध्यात इंजेक्शने देण्यात आली. पुढे तेथेच संधिवात झालेल्या मुलांवरही असे उपचार झाले. नेहमीच्या १.५ टेस्ला यंत्रातही हे करता येते. बोगद्याचे तोंड ६० ऐवजी ७० सेंटिमीटर असेल तर सोयीचे पडते.

प्रत्यक्ष कृती समजण्यास कठीण नाही. रुग्णाला पालथे झोपवितात. कातडीवर चित्रात उठून दिसेल अशी खूण चिकटवितात व चित्रे घेतात. खुणेपासून सांध्यापर्यंतचे अंतर व कोन मोजून वाट ठरते. जागा बधिर करून सुई थोडी आत घालतात, पुन्हा चित्र घेतात, पुन्हा थोडी पुढे सरकवितात. सुई चित्रात काळ्या रेघेसारखी दिसते आणि ती रेघ प्रत्यक्ष सुईपेक्षा जाड उमटते, म्हणून वाचणाऱ्याची नजर सरावाची लागते. टोक सांध्यात आहे अशी खात्री झाली की औषध सोडतात.

सुई मात्र नेहमीची चालत नाही. १.५ टेस्ला म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या सुमारे तीस हजार पट. साधे लोखंड तेथे हातात राहत नाही. टायटॅनियमच्या किंवा तत्सम मिश्रधातूच्या, चुंबकाने न ओढल्या जाणाऱ्या सुया लागतात. या चुंबकाची ताकद महाराष्ट्राने फार दुःखद रीतीने पाहिली आहे. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईच्या नायर रुग्णालयात प्राणवायूचे नळकांडे हाती घेऊन एमआरआयच्या खोलीत शिरलेला एका रुग्णाचा नातेवाईक त्या नळकांड्यासह यंत्राकडे खेचला गेला व मृत्युमुखी पडला. यंत्र चित्र घेत नसतानाही अतिवाहक चुंबक चालूच असतो. ही गोष्ट दुकानदाराने विशेष लक्षात ठेवावी, कारण कमरेला किल्ल्यांचा जुडगा बाळगण्याची सवय त्याला असते आणि ती सवय रुग्णाइतकीच सोबत जाणाऱ्यालाही असते.

अशी सोय आपल्या जिल्ह्याच्या ठिकाणी का नसते, याचे उत्तर वैद्यकापेक्षा ताळेबंदात आहे. एमआरआयचे यंत्र घेणाऱ्याने बहुधा कर्ज काढलेले असते. त्या यंत्राचा चुंबक द्रवरूप हेलियमने उणे २६९ अंशांपर्यंत थंड ठेवावा लागतो. रुग्ण असो वा नसो, तो खर्च थांबत नाही. यंत्र दिवसातून किती तपासण्या करते यावर हप्ता फिटतो. एका इंजेक्शनासाठी यंत्र अडकले की तेवढ्या वेळातल्या तपासण्या बुडतात. शिवाय वेगळ्या सुया, वेगळे साहित्य आणि त्या कामाचा सराव असलेला क्ष-किरणतज्ज्ञ हवा. जे काम सी-आर्मखाली थोड्या वेळात उरकते, त्यासाठी कोणी शहाणा माणूस एवढा पसारा मांडणार नाही. म्हणून ही पद्धत आजही जगभर थोड्याच केंद्रांत, आणि तीही मुख्यत्वे मुलांसाठी, तरुणांसाठी व अवघड जागांसाठी वापरली जाते. कोणी गुडघ्यासाठी ती सुचविली, तर सी-आर्म किंवा सोनोग्राफीने जे होणार नाही असे यात काय होणार आहे, एवढा एकच प्रश्न विचारावा. विचारण्यात अविनय नाही. दहा हजारांच्या उधारीलाही जामीन विचारणाऱ्या समाजाने दवाखान्यात गप्प बसावे, हे काही बरोबर नाही.

सुई नेमकी जागी पडली म्हणजे गुण अधिक येतो असेही सर्वत्र नाही. खांद्याच्या दुखण्यात सोनोग्राफीने पाहून दिलेले स्टेरॉइड आणि न पाहता दिलेले, यांची तुलना करणाऱ्या चाचण्यांचा आढावा कॉक्रेन या संस्थेने २०२१ मध्ये घेतला. पाहून देण्याने वेदनेत किंवा हालचालीत लक्षात येण्याजोगा फरक बहुधा पडत नाही, असा त्याचा निष्कर्ष होता.

एमआरआयचे मोठे काम सुई दाखविण्याच्या आधीचे आहे: सुई घालावी की नाही, हे ठरविण्याचे. या दृष्टीने आता मुलाकडे वळावे. चाळीस-पंचेचाळीस वर्षांच्या आत सुरू झालेली कंबरदुखी, तीन महिन्यांहून अधिक टिकलेली, विश्रांतीने न थांबणारी पण हालचालीने कमी होणारी, पहाटे झोपमोड करणारी आणि सकाळी बराच वेळ ताठरपणा ठेवणारी असेल, तर ती वजन उचलल्याची कंबरदुखी नसण्याचा संभव असतो. मणक्यांच्या दाहक संधिवाताची ती सुरुवात असू शकते. हा रोग बहुधा त्याच सॅक्रोइलियक सांध्यात सुरू होतो. साध्या क्ष-किरण चित्रात त्याच्या खुणा उमटण्यास कित्येक वर्षे लागतात. एमआरआयमध्ये हाडातील दाह त्याआधी दिसू शकतो. म्हणूनच २००९ मध्ये संधिवाततज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय मंडळाने ठरविलेल्या निकषांत एमआरआयला स्थान मिळाले. उपचाराविना वर्षे गेली, तर काहींच्या पाठीचे मणके एकमेकांना जखडतात आणि मान वळविणेही कठीण होते. एकोणतिसाव्या वर्षी मलमावर काढलेल्या महिन्यांची किंमत पन्नासाव्या वर्षी अशी मोजावी लागू शकते.

अर्थात केवळ अहवालात दाह लिहून आला म्हणून रोग ठरत नाही. जड कष्ट करणाऱ्यांत, खेळाडूंत, बाळंतपणानंतर स्त्रियांतही तसे डाग दिसतात. लक्षणे, रक्ततपासणी व चित्र ही तिन्ही संधिवाततज्ज्ञाने एकत्र वाचावी लागतात. हिंगोलीत २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे, नांदेडला विष्णुपुरी येथे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय महाविद्यालय आहे; पहिली विचारपूस तेथे करता येते. निदान पक्के झाल्यावर उपचाराचा पाया म्हणजे नियमित व्यायाम व दाहशामक गोळ्या. त्यांनी भागले नाही तर पुढची औषधे. सांध्यातील इंजेक्शन हे त्या ओळीतील एक मधले साधन आहे. ते द्यावयाचे ठरलेच तर या सांध्यात ते पाहूनच द्यावे.

वडिलांच्या गुडघ्यासाठी दोन-तीन गोष्टी उरतात. स्टेरॉइडने काही आठवडे आराम पडतो, म्हणून दर तीन महिन्यांनी घेत राहावे असा मोह होतो. २०१७ मध्ये अमेरिकेत १४० रुग्णांवरील एक चाचणी प्रसिद्ध झाली. काहींना दोन वर्षे दर बारा आठवड्यांनी स्टेरॉइड दिले, काहींना केवळ मिठाचे पाणी. दोन वर्षांनी वेदनेत फरक नव्हता; एमआरआयने मोजलेली कूर्चा मात्र स्टेरॉइड घेणाऱ्यांत अधिक झिजली होती. घरात मधुमेह असेल तर इंजेक्शनानंतर काही दिवस साखर वाढते. त्या दिवसांत उपवास, एकासन किंवा पर्युषणातील तप धरायचे असल्यास ते डॉक्टरांना आधी सांगावे, म्हणजे गोळ्यांचा मेळ बसविता येतो. सांधा बदलण्याची शस्त्रक्रिया ठरत असेल तर त्याआधीच्या तीन महिन्यांत इंजेक्शन टाळतात, कारण जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. आणि इंजेक्शनानंतर सांधा लाल होऊन सुजला व ताप आला, तर सकाळची वाट न पाहता त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

दुसरे इंजेक्शन ‘जेल’चे. गुडघ्यात वंगण भरतात असे म्हणून ते दिले जाते. त्यातील द्रव्य हायल्युरोनिक आम्ल. त्याच्या उपयोगाविषयी तज्ज्ञांत एकमत नाही. अमेरिकन अस्थिशल्यतज्ज्ञांच्या संस्थेने २०२१ च्या मार्गदर्शनात ते सरसकट देण्याची शिफारस केलेली नाही. परंतु जैन घराने त्याबद्दल आणखी एक गोष्ट विचारावी. यांतील काही उत्पादने कोंबड्याच्या तुऱ्यापासून काढलेली असतात, तर काही किण्वनाने, जिवाणूंच्या साहाय्याने तयार होतात. खोक्यातील माहितीपत्रकात उगम लिहिलेला असतो. औषधाच्या बाबतीत प्रत्येक घराचा विवेक निराळा आणि संकटात साधुसंतांचा सल्लाही निराळा पडतो. पण निवड आहे, एवढे ठाऊक असले पाहिजे. मुनीमजीला पाठवून औषध आणविले आणि पत्रक नंतर वाचले, असे घडू नये.

म्हणून समजा त्या कुटुंबाने क्रम उलटा केला. वडिलांचा गुडघा गावाजवळच्या अस्थिरोगतज्ज्ञाने हातानेच तपासला, मांडीचे स्नायू बळकट करण्याचे व्यायाम सांगितले, वजन चार-सहा किलो उतरविण्यास सांगितले आणि खुर्चीवर बसून केलेले सामायिकही सामायिकच असते, हे महाराज साहेबांकडून त्यांनी ऐकून घेतले. साठविलेल्या रकमेतून मुलाच्या कमरेचा एमआरआय नांदेडला ठरला. मेडिक्लेमच्या कंपनीकडून काय मिळेल ते आधी लेखी विचारले. तपासणीच्या दिवशी मुलाने खिसे रिकामे केले, घड्याळ, कमरपट्टा, मोबाइल काढून ठेवले आणि दुकानाच्या किल्ल्यांचा जुडगा बाहेर बाकावर बसलेल्या वडिलांच्या हाती दिला.